भाता, त्याचा साडू आणि फुंकणी

आमच्या गोदामात भात्याइतकी सरळ थप्पी कोणी लावली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्याची बाजू लंगडी दिसेल.

थप्पी म्हणजे पोत्यावर पोतं रचत छपरापर्यंत नेलेली भिंत. खालचे गडी पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढतात आणि टोकाला टाकतात. वरचा माणूस ते ओढून बसवतो. एक थर उभा, एक आडवा, पोत्याचे कान आतल्या बाजूला. वरच्याने एक पोतं चुकवलं की चार थरांनंतर थप्पीला पोट येतं, आणि पोट आलेली थप्पी आज ना उद्या कोणाच्या तरी अंगावर बसते. म्हणून वरची जागा मानाची. काही लोक म्हणत, वर आराम आहे. ते कधी वर गेले नव्हते. वर छपराचा पत्रा डोक्याला लागतो, वारा नसतो आणि सगळ्या गोदामाची धूळ तिथेच जाऊन बसते.

वर कोण उभा राहणार हे हंगामाच्या सुरुवातीला ठरे. पोतं पाठीवर घ्यायचं, फळी चढायची आणि चढता चढता हाळी द्यायची. हाळी फळीच्या टोकापर्यंत तुटता कामा नये. ज्याची सर्वांत लांब टिकली तो वर. भात्याची कधीच तुटत नसे. छाती लोहाराच्या भात्यासारखी, म्हणून तर त्याला ते नाव पडलं. त्याचं खरं नाव हजेरी घेतानाच ऐकू यायचं.

मग त्याचा साडू कामाला लागला.

भात्याने थोरली केली होती, साडूने तिची धाकटी बहीण. साडू वयाने लहान, अंगाने किरकोळ, पण काम नेटकं. घाम पुसायला थांबायचा नाही आणि थांबला तर सांगून थांबायचा. मला हे आवडायचं. भात्याला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर साडूने श्वास घेतलेलाही त्याला आवडत नसे.

आम्ही एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळे सासुरवाडीचं सगळं गाऱ्हाणं मला वाटेतच मिळायचं.

"काल सासूने खुर्ची कोणाला दिली? त्याला. मी दारात उभा."

"तू उशिरा गेला असशील."

"मी आधी गेलो होतो. माझ्याखालची काढून त्याला दिली. म्हणे, त्याला दम लागतो."

"तुलाही लागतोच की."

"तेच म्हणतोय मी! मला लागला की म्हणतात खोकतोय. त्याला लागला की सासू पंख्याची दिशा बदलते. त्याला अस्थमा, मला नुसता दमा."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. दोन्ही एकच, असं मी म्हटल्यावर माझ्यापुढे झपझप चालायला लागला.

दोघांनाही तो आजार होता. धुळीत काम करणाऱ्यांत नवल नाही. पण दोघांची तऱ्हा वेगळी. साडू रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, चूळ भरायचा, आणि अडचणीसाठीचा निळा पंप खिशात ठेवायचा. लागला तर सगळ्यांसमोर काढायचा. भात्यालाही हेच दोन पंप दिले होते. रोजचा तो आठवला तर घ्यायचा. निळा मात्र सतत, पण लपून. नळाच्या मागे, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाआड, मान वर करून फुस्स फुस्स. बाहेर आल्यावर पाणी प्यायला गेलो होतो असं तोंड करायचा.

त्या वर्षी गोदामवाल्यांनी शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात आम्हा सगळ्यांची छातीची तपासणी ठरवली. आदल्या दिवशी तिथली सिस्टर गोदामात येऊन सांगून गेली. एक नळी असते, तिच्यात जोरात फुंकायचं, काटा पुढे सरकतो. आम्ही लगेच तिचं नाव फुंकणी ठेवलं. सिस्टर पुढे म्हणाली, "ज्यांना पंप आहेत त्यांनी ते बरोबर आणायचे. येण्याआधी निळा घ्यायचा नाही. फारच अडलं तर घ्या, पण आल्यावर सांगा. नाहीतर खोटा आकडा येईल."

ती गेल्यावर मुकादमाला हुक्की आली. "यंदा हाळी नको. धूळ तोंडात जाते. भाता की साडू, फुंकणीत ज्याचा काटा पुढे, तो थप्पीवर."

सगळे हसले. मुकादम हसला नाही, तेव्हा आम्हाला कळलं की तो खरंच म्हणतोय. आमच्या टोळीत जे काही मोजलं जातं ते जिंकण्यासाठीच मोजलं जातं. नाडी पाहिली असती तरी आम्ही शर्यत लावली असती.

भात्याने साडूकडे पाहिलं. साडू सुतळीची गाठ सोडवत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तेच भात्याला लागलं.

तपासणीच्या सकाळी भाता नळामागे दिसला. निळा पंप तोंडात, फवाऱ्यावर फवारा.

"अरे, सिस्टरने नको म्हटलंय ना?"

"सिस्टरला थप्पी लावायचीय का?"

"खोटा आकडा येईल म्हणाली."

"मोठा येईल. तेवढं पुरे."

दवाखान्याची खोली लहान. एक टेबल, वजनाचा काटा, भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, आणि दारात आमची सगळी टोळी माना घालून. डॉक्टर बाईंनी दोनदा दार लावलं, दोनदा ते आपोआप उघडलं. साडूने उभं राहून फुंकलं, तीनदा. सर्वांत चांगला आकडा चारशेच्या जरा अलीकडे. मग भाता आला. त्याने छाती भरली, डोळे मिटले आणि असं फुंकलं की टेबलावरचा कापूस हलला. काटा चारशेच्या बराच पुढे गेला.

"अरे वा!" दारातून मुकादम.

"ही कुस्ती नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काका, बसा. रात्री दम लागून जाग येते?"

"कधीच नाही."

"निळा पंप किती वेळा लागतो?"

"कसला निळा?"

"पंप आणलेत?"

"विसरलो."

"काम करताना थांबावं लागतं?"

भात्याने दाराकडे पाहिलं. तिथे साडू उभा होता. "थांबतात ते दुसरे. गेले कित्येक महिने मला काही नाही."

डॉक्टर बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग त्याचा हात हातात घेतला. "बोटं का कापतायत? नाडीही पळतेय. पंप घेऊन आलात का?"

"ओझ्याने कापतात. हमालाचे हात आहेत, बाई."

त्यांना ते पटलेलं नव्हतं, हे दारातून मलाही दिसलं. पण माणूस तोंडाने जे सांगतो तेच फुंकणीही सांगते, छातीतही आवाज नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते खरं धरलं, तर तुमचा दमा ताब्यात आहे. रोजचा पंप दोन वेळांऐवजी एक वेळ घ्या. बंद करायचा नाही. आणि त्रास झाला तर वाट न बघता यायचं." साडूचा मात्र दोन वेळचाच राहिला.

परत येताना भात्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. "ऐकलंस? त्याला दोनदा, मला एकदा. निम्मं. आता सासूला सांग, कोणाला खुर्ची द्यायची ते."

मुकादमाने शब्द पाळला. भाता थप्पीवर गेला.

त्याने जीव तोडून काम केलं, हे मी नाकारणार नाही. थर असे लावले की दोरी धरावी. पण मला खालून त्याची छाती दिसायची. पोतं बसवून झाल्यावर तो पत्र्याला हात लावून उभा राहायचा, खांदे कानांपर्यंत चढलेले. रोजचा पंप निम्मा म्हणजे त्याच्या हिशेबात जवळजवळ बंदच. मी विचारलं की म्हणायचा, "वरून सगळं बघतोय." आणि खाली साडूला हाक मारायचा, "अहो साडूबुवा, पोतं नीट टाका! का दम लागला?" साडू पोतं टाकून खाली वळायचा. त्यामुळे भाता दुसऱ्यांदा म्हणायचा.

मग जुना माल आला. कोपऱ्यातल्या बंद खोलीत पडून राहिलेला, पोतं उचललं की धुराळा. आम्ही तोंडाला फडकी बांधली. वरच्याने फडकं बांधलं तर त्याला ओरडता येत नाही, म्हणून भात्याने बांधलं नाही.

दुपारच्या जेवणाआधी फळीच्या टोकाला पोती तुंबायला लागली. कोणी ओढून घेईना. मुकादम ओरडला, "वर झोपलास का रे?" उत्तर नाही. साडू पाठीवरचं पोतं टाकून वर धावला, मी त्याच्या मागे.

भाता पोत्यांवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. ओठांचा रंग गेला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

साडूने समोर बसून विचारलं, "दादा, काय होतंय? पूर्ण सांग. एका दमात सांग."

"काही... नाही."

"पूर्ण वाक्य बोल."

"तू... खाली... जा."

साडूने माझ्याकडे पाहिलं. "शब्दाशब्दाला अडतोय. हे साधं नाही." त्याने कमरेच्या पिशवीतून पंप आणि प्लास्टिकचा फुगीर नळा काढला. पंप त्या नळ्याच्या एका टोकाला बसवतात आणि दुसरं टोक तोंडात धरतात, म्हणजे ज्याला ओढायची ताकद नाही त्याच्याही छातीत औषध जातं. त्याने तो पुढे केला. भात्याने हात झटकला. नळा पोत्यांवरून घरंगळला.

"तुझं... नको."

"दादा, तुझी जागा घ्यायला आलो नाहीये. श्वास घे."

भात्याने तोंड फिरवलं. मी त्या माणसाबरोबर उभं आयुष्य काम केलं, पण असा हट्ट पाहिला नाही. जीव चालला होता आणि तो कोणाच्या हाताने वाचायचं ते निवडत होता.

तेवढ्यात शिट्टी थांबली. खालून मुकादम म्हणाला, "आवाज थांबला. बरं वाटलं वाटतं."

"बरं नाही, मुकादम!" साडू ओरडला. "आवाजापुरतीही हवा जात नाहीये. गाडी आणा, लगेच!" मग त्याने नळा उचलून पुसला आणि माझ्या हातात कोंबला. "माझ्याकडून घेणार नाही हा. तू दे. मी खाली उतरतो."

आणि तो खरंच उतरला. फळीच्या मध्यावर थांबून, भात्याला दिसणार नाही असा, मला सांगत राहिला. "पंप हलव. एक फवारा. आता त्याला चार-पाच श्वास ओढू दे. घाई नको. पुन्हा हलव. दुसरा." साडूचं डोकं दिसेनासं झाल्यावरच भात्याने नळा तोंडात धरला. थोड्या वेळाने शिट्टी परत आली. ती ऐकून मला आनंद झाला, हे आज लिहितानाही विचित्र वाटतं.

आम्ही त्याला झोळीत घालून उतरवलं आणि गाडीतून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, तोंडाला वाफेसारखं औषध सोडणारा मास्क, प्राणवायू, गोळ्या. तिथला डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर केला असता तर मशीनवर ठेवावं लागलं असतं. थोरली खाटेशेजारी बसून होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. धाकटी तिच्याजवळ बसली. साडू बाहेरच्या बाकावर थांबला. आत आला नाही.

घरी सोडल्यावर त्याला पुन्हा आमच्या डॉक्टर बाईंकडे न्यायचं होतं. थोरली मला म्हणाली, "तुम्ही या बरोबर. यांचं माझ्यासमोर एक असतं आणि बाईंसमोर दुसरं."

बाईंनी विचारलं, "काका, तुम्हाला तर कित्येक महिने काही नव्हतं. मग एकदम इतकं कसं?"

भाता भिंतीवरच्या चित्राकडे पाहत राहिला. थोरलीने पिशवी उघडली आणि टेबलावर ओतली. निळे पंप, सगळे रिकामे, एकावर एक.

"हे बघा यांचं ‘काही नव्हतं’," ती म्हणाली. "गादीखाली, दिव्यामागे, जुन्या चपलांत. झाडता झाडता सापडले. रात्री उठून खिडकीत बसतात. मी विचारलं की म्हणतात, उकडतंय. थंडीत उकडतंय!"

"तू गप्प बस," भाता म्हणाला.

"नाही बसणार. आणि रोजचा पंप बघा, नवाच्या नवा."

मी तपासणीच्या सकाळचं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला नाही की त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मला शंका होती. पण तुम्ही जे सांगता त्यावरच मी औषध ठरवते. काका, निळा पंप चटकन मोकळं करतो, पण आतली सूज तशीच ठेवतो. सूज रोजच्या पंपाने उतरते. निळा इतका लागतो, याचा अर्थच दमा ताब्यात नाही. आणि दमा किती मोठा हे एका फुंकरीवर ठरत नाही. रात्रीची झोप, दिवसाचा त्रास, निळा किती लागला, आणि तो ताब्यात ठेवायला किती औषध लागतं, हे सगळं बघून ठरतं."

"म्हणजे त्याच्यापेक्षा माझा मोठा?"

"कोणाच्यापेक्षा?"

"साडूपेक्षा."

थोरली कपाळावर हात मारून म्हणाली, "बघा! मरता मरता वाचले, तरी तेच."

बाई हसल्या. "तुमचा मोठा असू शकतो. किंवा तुम्ही औषधच नीट घेतलं नसेल. वाढवण्याआधी ते बघायला हवं. घ्या हा पंप, घेऊन दाखवा."

भात्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि पंप पिचकारीसारखा आत मारला. औषध जिभेवर बसलं, त्याने गिळून टाकलं.

"हे पोटात गेलं. छातीत काही पोचलं नाही. चोरून घाईने घेतलं की असंच होतं. तुमचे साडू छान घेतात. त्यांच्याकडून शिका. महिनाभर मोठ्या मात्रेचा पंप दोन वेळा, नळा लावून, चूळ भरून. मग परत बघू."

औषध मोठं मिळालं म्हणून भाता क्षणभर खूश झाला होता. साडूकडून शिकायचं म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं.

तरी साडू गेला. रोज संध्याकाळी, कामावरून थेट. मी एकदा दारात उभा होतो.

"आधी श्वास पूर्ण सोड, दादा."

"सोडला."

"अर्धाच सोडलास. नळ्यावर ओठ घट्ट. आता दाबून सावकाश ओढ. सावकाश! पोतं ओढत नाहीयेस तू."

"मला पोतं ओढायला शिकवू नको."

"नाही शिकवत. रोखून धर. दहापर्यंत. आता सोड. बघ, जमलं."

"जमणारच. माझी छाती तुझ्या दुप्पट आहे."

"आहे ना. म्हणूनच औषधही जास्त लागतं," साडू सहज म्हणाला. भात्याने दुसरा फवारा न सांगता घेतला.

महिना झाला आणि परत तपासणी आली. या वेळी बाईंनी दाराला आतून कडी लावली, एकेकालाच आत घेतलं. भाता आत जाण्याआधी मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काय बघतोस? नाही घेतलाय निळा."

बाहेर आला तेव्हा साडू बाकावर वाट बघत होता. मुकादमही होता.

"किती?" मुकादमाने विचारलं.

भात्याने साडूकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "याच्यापेक्षा कमी," तो म्हणाला. "बराच कमी. पण बाई म्हणाल्या, हा खरा आहे. रात्रीही झोप लागतेय. हेच औषध चालू ठेवायचं."

हे बोलायला त्याला जितकं जड गेलं तितकं कुठलं पोतं गेलं नसेल. साडूने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. मुकादमाने तर टोपी काढून डोकं खाजवलं.

आता राहिला थप्पीचा प्रश्न. मुकादम नियमाचा माणूस. "मग काटा साडूचा पुढे. साडू वर."

दार उघडून बाई बाहेर आल्या. "वर म्हणजे कुठे?"

मुकादमाने सांगितलं. पत्र्याखाली, धूळ, वारा नाही, फडकं नाही. बाई म्हणाल्या, "हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? मी औषध देतेय आणि तुम्ही यांना धुळीत बसवताय? दोघांपैकी कोणीही वर जाणार नाही. उघड्या दाराजवळचं काम द्या."

अशा तऱ्हेने दोघे साडू दाराशी बसले. पोत्यांची तोंडं सुतळीने शिवायची, दाभण एकाच्या हातात, सुतळीचा गुंडा दुसऱ्याच्या. आणि थप्पीवर मला चढवलं, कारण माझ्या छातीत काही नव्हतं आणि मुकादमाला दुसरं कोणी सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी तिसरा थर लावत होतो. खालून भात्याची हाक आली, आणि सांगतो, वाक्य अख्खं होतं, कुठे तुटलं नाही.

"डाव्या कोपऱ्याला पोट आलंय रे! काय बघून लावतोस?"

मी वाकून बघितलं. तसं काही आलं नव्हतं. साडू मान वाकडी करून थप्पीकडे पाहत होता. मला वाटलं, हा तरी खरं बोलेल.

"आलंय जरासं," साडू म्हणाला.

"जरासं?" भाता त्याला म्हणाला. "तू असतास तर असं लावलं असतंस का?"

"छे."

"मीही नसतं लावलं. कोणालाही वर चढवतात हल्ली."

दोघांनी एकदम माना हलवल्या आणि पुढचं पोतं शिवायला घेतलं.